गिअरबॉक्सचे तेल आणि कावळ्याची फांदी

मोटार लाख-सव्वा लाख किलोमीटर पळाली की तिच्या गिअरबॉक्सचे तेल बदलू नये, असा समज आपल्याकडे चांगलाच रुजलेला आहे. "जुन्या तेलाची गिअरला सवय झालेली असते. नवे घातले की गिअरबॉक्स जातो," हे वाक्य नाशिकच्या गॅरेजांतून मी किती वेळा ऐकले असेल, त्याची गणती नाही. पुरावाही लगेच हजर असतो : अमक्याने तेल बदलले आणि पंधरा दिवसांत त्याच्या गाडीचा गिअर पडेनासा झाला. हाताने गिअर टाकण्याच्या साध्या गाडीपुरता हा समज चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ही चूक यंत्रविद्येतली नसून विचार करण्याच्या पद्धतीतली आहे, म्हणून ती विद्यार्थ्यांपुढे मांडावीशी वाटते.

प्रथम हे तेल काय करते ते पाहू. गिअरबॉक्समधील दंतचक्रे फिरताना त्यांचे दात एकमेकांवर घासतात. दोन दातांमध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असेल तर पोलाद पोलादाला भिडत नाही. हा पापुद्रा टिकणे तेलाच्या श्यानतेवर, म्हणजे साध्या भाषेत त्याच्या दाटपणावर, अवलंबून असते. 80डब्ल्यू-90 या जातीच्या तेलाची श्यानता 40 अंश सेल्सिअसला साधारण 140 सेंटिस्टोक असते, तर 100 अंशांना ती 15 च्या आसपास उतरते. (पाण्याची 20 अंशांना सुमारे 1 असते.) कसारा घाट चढून आलेल्या गाडीचे तेल आणि पहाटेच्या थंडीत उभ्या असलेल्या गाडीचे तेल एकच असले, तरी वागणुकीने ती दोन निरनिराळी द्रव्ये होत. जेथे दाब फारच वाढतो तेथे पापुद्रा पुरत नाही. तेथे तेलात मिसळलेली गंधक व फॉस्फरस यांची संयुगे धातूच्या पृष्ठभागाशी संयोग पावून संरक्षक थर तयार करतात. गिअर ऑईलला येणारा तो उग्र वास या गंधकाचाच.

आता सांगा, अशा द्रव्याला 'सवय' कशी होणार? ते झिजते मात्र खात्रीने. श्यानता राखण्यासाठी काही तेलांत लांब साखळ्यांचे रेणू घातलेले असतात. दातांच्या चिमटीत सापडून त्या साखळ्या तुटतात आणि तेल पातळ होते. उलट, उष्णता व हवेतील ऑक्सिजन यांमुळे ते दाटही होऊ शकते. गंधक-फॉस्फरसची संयुगे खर्ची पडतात. पोलादाचा व पितळी कड्यांचा बारीक कीस तेलात साठतो आणि तोच पुढे घासकामाच्या पावडरीसारखा काम करतो. शिवाय गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी एक लहान तोंड असते. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत या वाटेने पाणी शिरते आणि तेल दुधी होते. दुतोंड्या मारुतीच्या पातळीवरून गोदेचा पूर मोजणाऱ्या आपल्या गावाला हे वेगळे सांगायला नकोच. असे दुधी तेल 'सवयीचे' म्हणून ठेवणाऱ्याला काय म्हणावे?

मग त्या अमक्याची गाडी का बिघडली? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे अधिक महत्त्वाचे आहे. आपल्या देशात सुरळीत चालणाऱ्या गिअरबॉक्सचे तेल कोण बदलतो? फार थोडे लोक. गिअर खरखरू लागला, अडकू लागला, की मग तेलाची आठवण होते. म्हणजे ज्या गाड्यांचे तेल बदलले जाते, त्यांतल्या पुष्कळ आधीच आजारी असतात. इस्पितळात दगावणाऱ्यांची संख्या नाट्यगृहात दगावणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून काय रोग्याला कालिदास कलामंदिरात न्यावे?

खरा निर्णय करायचा तर कागदावर चार खाने आखावे लागतील : तेल बदलले आणि गिअरबॉक्स गेला, बदलले आणि टिकला, बदलले नाही आणि गेला, बदलले नाही आणि टिकला. चारही खाने भरल्याशिवाय तुलना होत नाही. आणि तुलनेसाठी घेतलेल्या गाड्या आरंभी सारख्याच धडधाकट हव्यात. गॅरेजमधली गोष्ट फक्त पहिल्या खान्यातून येते, कारण तेल बदलून निमूटपणे चालत राहिलेल्या गाडीची गोष्ट कोणी सांगत नाही. शिक्षकांनी हे चार खाने फळ्यावर काढून औषध, नवस, राशिभविष्य यांनाही लावून पाहावेत. तास चांगला रंगतो.

मिस्त्रीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तेलाच्या दाबाने क्लचच्या चकत्या आवळल्या जातात, तेथे हा समज अगदीच निराधार म्हणता येत नाही. चकत्या झिजून सटकू लागल्या असतील तर नवे तेल त्यांना पुन्हा जाड करणार नाही, आणि यंत्राच्या जोराने सगळे तेल एकदम धुऊन काढल्यास साचलेला गाळ सुटून बारीक मार्गांत अडकण्याची भीती असते. तेथे थोडे थोडे बदलणे मला शहाणपणाचे वाटते. तळाचा बूच काढला तरी सगळे तेल येत नाही. पुष्कळसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. समजा, एका वेळी 40 टक्के निघते. मग जुन्या तेलाचा उरलेला भाग पहिल्या वेळी 60 टक्के, दुसऱ्या वेळी 36, तिसऱ्या वेळी 21.6. ही भूमिती श्रेढी तुम्हांला गणितात भेटलेली आहेच. मात्र क्लचचे पेडल नसलेली प्रत्येक गाडी या प्रकारची नव्हे. 2014 साली सेलेरियोपासून आपल्याकडे पसरलेल्या एएमटी गाड्यांत आतला गिअरबॉक्स साधाच असतो. फक्त तो टाकणारा हात यंत्राचा असतो.

साध्या गाडीचे हे काम घरी करता येते, आणि मोठ्या माणसाबरोबर राहून विद्यार्थ्यांनी ते एकदा पाहावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. भक्कम लोखंडी घोड्या लावून गाडी चारही बाजूंनी सपाट राहिली पाहिजे. एकाच बाजूने उचलली तर तेलाची पातळी चुकते, कारण क्षितिजसमांतर राहतो तो द्रवाचा पृष्ठभाग, गाडी नव्हे. तेल कोमट असावे, कढत नको. आणि भरण्याचा बूच आधी सैल होतो की नाही ते पाहूनच खालचा उघडावा. नाहीतर तेल काढून बसलात आणि वरचा बूच हलेना, तर गाडी जागची हलणार नाही. पुस्तिकेत जीएल-4 लिहिले असेल तर 'त्याहून भारी' म्हणून जीएल-5 घालू नये, कारण त्यातली काही तेले पितळी कड्यांना सोसत नाहीत. खालच्या बुचाला लोहचुंबक असेल तर त्यावरचा करडा लेप नीट पाहा. लोण्यासारखा मऊ लेप नेहमीचाच. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर दात तुटला आहे आणि गाडी मिस्त्रीकडेच न्यायची आहे.

निघालेले थोडे जुने तेल आणि त्याच जातीचे नवे तेल दोन सारख्या उंच काचनळ्यांत भरा. दोन्ही एकाच तापमानाला येऊ द्या आणि सायकलच्या बेअरिंगमधला बारीक छर्रा सोडून तळाशी पोहोचायला लागणारा वेळ मोजा. फूटभर नळीत दोन-तीन सेकंदच लागतात, म्हणून दहा वेळा मोजून सरासरी घ्या. जुने पातळ झाले की दाट, हे छर्राच सांगेल.

उरलेल्या तेलाचे काय? लहान गाडीतून साधारण दोन लिटर निघते. ते गटारात ओतले तर गटार नासर्डीला आणि नासर्डी गोदावरीला मिळते. पाण्यावर इंद्रधनुषी रंग दाखवणारा तवंग अर्ध्या मायक्रॉनइतका पातळ असू शकतो. भागाकार करून पाहा : दोन लिटर तेल चार हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक एकर पाणी झाकते. वाळवीसाठी दाराच्या चौकटीला किंवा सेंट्रिंगच्या फळ्यांना ते फासण्याची चाल आहे. मला तीही पसंत नाही. वापरलेले तेल 2016 च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांखाली येते आणि ते शुद्ध करून पुन्हा मूळ तेल बनवता येते. 1 एप्रिल 2024 पासून त्याची काही जबाबदारी तेल उत्पादकांवरही टाकलेली आहे. नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यातच जुने भरावे, झाकण घट्ट लावून वर 'जुने गिअर ऑईल' असे लिहावे, आणि वापरलेले तेल अधिकृत पुनर्शुद्धीकरणासाठी देणाऱ्या गॅरेजच्या पिंपात ते स्वतः नेऊन ओतावे. तेथेच मिस्त्रीला चार खान्यांचा कागदही दाखवता येईल.