माणसाची किंमत

कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल तोलायला काटा असतो. माणसाला मात्र आपण पैशानेच तोलतो, हो ना?

पंडिता रमाबाईंनी तसं केलं नाही. लहान वयात दुष्काळात त्यांनी आईवडील गमावले. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अमेरिकेत गावोगावी व्याख्यानं देऊन विधवांच्या शिक्षणासाठी मदत उभारली. १८९६-९७च्या दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुली-बायकांना त्यांनी आसरा दिला. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना नुसतं जेवण नाही मिळालं. त्या वाचायला, विणायला, छापखान्यात काम करायला शिकल्या.

अन्नाने जीव वाचतो, पण स्वतःच्या कष्टाने मान ताठ होते. म्हणून कुणाला मदत करताना त्याला लाजवू नका. आधी विचारा, "तुला काय शिकायचंय?"