बाटली नंतर, आधी खुराडं



चॅनलवर कुक्कुटपालनाच्या अनुदानाचा व्हिडिओ टाकला की कमेंटचा पाऊस पडतो. कागदपत्रं कोणती, टक्के किती, बँक कुठली. गावरान अंड्याच्या भावावर टाकला तरी तेच. कोंबडीच्या उवांवर टाकला की शुकशुकाट, आणि जे मोजके बघतात त्यातलेही निम्मे हसायची इमोजी टाकून जातात. मग सहा महिन्यांनी हीच मंडळी सास्तूरला माझ्या दुकानात येतात. "सर, कोंबड्या अंडी देईनात. खाद्य बदलून द्या."

खाद्य मी देतो, तो माझा धंदाच आहे. पण दहा वेळा तरी मी विचारलंय, कोंबडी उलटी धरून शेपटीखालची पिसं बाजूला करून कधी बघितली का? उत्तर ठरलेलं असतं. नाही.

म्हणून आज हा लेख. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पटलं नाही तर भांडायला सोपं जाईल. पंचवीस-पन्नास गावरान कोंबड्यांचं युनिट टाकायचं असेल तर पहिला रुपया पक्ष्यावर घालू नका. खुराड्यावर घाला. आणि उवा-गोचीड झाल्यावर शेतातल्या फवारणीची बाटली घेऊन खुराड्यात शिरू नका. ही बाटली मीच विकतो, त्यात मला मार्जिनही आहे, तरी सांगतोय.

आता मुद्द्याचं. आपण सरसकट "कोंबड्यांना उवा झाल्या" म्हणतो. पण त्यात दोन वेगळ्या जमाती आहेत आणि दोघींचा पत्ता वेगळा आहे. पहिली जमात कोंबडीच्या अंगावरच राहते. खऱ्या उवा त्या ह्याच. पिवळसर, चपट्या, पिसं बाजूला केली की उजेडाला घाबरून पळतात. पिसांच्या बुडाशी पांढरे गोळे दिसतात, त्या लिखा. ही उव रक्तावर जगत नाही, पिसांचा आणि कातडीचा कोंडा खाते. जन्म, संसार, मरण सगळं कोंबडीवर. खाली पडली तर आठवड्याभरात मरते. आणि ताईंनो, एक भीती मनातून काढून टाका. कोंबडीची उव लेकरांच्या डोक्यात राहत नाही. ती जात वेगळी, ही वेगळी.

दुसरी जमात दिवसा कोंबडीवर सहसा सापडत नाही. कोंबड्यांची गोचीड आणि तांबडे बारीक किडे, ज्यांना इंग्रजीत माइट म्हणतात. हे दिवसभर भिंतीच्या फटीत, बांबूच्या सांध्यात, जुन्या पत्र्याच्या घडीत दडून बसतात. रात्री कोंबड्या बसल्या की बाहेर येतात, रक्त पितात आणि उजाडायच्या आत परत फटीत. उन्हाळ्यासारख्या गरम दिवसांत तांबड्या किड्याची पुढची पिढी आठवड्यात तयार होते. गोचीड तर वर्षभराहून जास्त काळ उपाशी जगते. म्हणजे तुम्ही कोंबड्या विकल्या, खुराडं रिकामं ठेवलं, वर्षानं नवी बॅच आणली, तर जुना भाडेकरू आतच असतो.

आता सांगा, दिवसा कोंबडीला धरून पावडर चोळली तर फटीतल्या गोचिडीला काय फरक पडणार?

आपल्या भागात ह्याला एक खास कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. सास्तूर, किल्लारी आणि आजूबाजूची दगड-मातीची घरं पडली. पुढं घरं नवी झाली. पण जुन्या घरांचा दगड वाया घालवायची आपली पद्धत नाही. तो बांधावर गेला, गोठ्यात गेला आणि खुराड्यात गेला. नुसत्या मातीत रचलेलं दगडी खुराडं उन्हाळ्यात थंड राहतं, मजबूत असतं, आणि फुकटात होतं. मला ते आवडतं. पण त्यातली एकेक फट म्हणजे गोचिडीची लॉजिंग आहे. दगड तोच ठेवा, फटी तेवढ्या सिमेंटनं किंवा शेणमातीनं बुजवा आणि वरून चुना मारा. छोट्या खुराड्याला सिमेंट आणि चुना धरून चार-पाचशे रुपयांच्या वर खर्च जात नाही. एवढ्या पैशात धंद्याची सगळ्यात मोठी गळती बंद होते, पण ते कुणी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिहीत नाही.

गळती कशी, ते खुडूक कोंबडीच्या उदाहरणानं बघू. गावरान धंद्याची खरी मशीन खुडूक कोंबडी आहे. वीज नाही, इन्क्युबेटर नाही, बारा अंड्यांवर बसते आणि २१ दिवसांत पिल्लं काढते. पण ह्या २१ दिवसांत ती जागची फारशी हलत नाही, मातीत लोळत नाही. आणि गंमत बघा, उवेचं अंडं ते नवी अंडी घालणारी उव हा प्रवासही साधारण तीनच आठवड्यांचा. म्हणजे पिल्लं बाहेर येतात त्याच सुमारास उवांची नवी पिढीही तयार असते, आणि ती आईवरून सरळ पिल्लांच्या डोक्यावर चढते. आठवड्याचं पिल्लू तेवढ्यानं मरू शकतं. घरट्याजवळ गोचीड किंवा तांबडे किडे असले तर गोष्ट तिथवरही जात नाही. रात्रभर चावे खाऊन कोंबडी वैतागते आणि मधेच उठून जाते. अंडी गार.

बायका म्हणतात, "कोंबडी चांगली बसली नाही, नीट नाही ती." विकून टाकतात. कोंबडी चांगली होती हो!

हिशोब करा. अंडं १२ रुपयांनी धरलं तर बारा अंडी म्हणजे १४४ रुपये. नुकसान एवढंच दिसतं. पण नऊ पिल्लं निघाली असती आणि महिन्याची करून ६० रुपयांनी विकली असती तर ५४० झाले असते. आम्हाला बीबीएला ह्याला संधी खर्च म्हणून शिकवलं होतं. पुस्तकात तो कारखान्याच्या उदाहरणानं होता, इथं तो खुराड्यात आहे. तुमच्या भागातला भाव घालून आकडे बदला, पण वहीत हा हिशोब लिहा. वर्षात अशा चार कोंबड्या उठून गेल्या तर किती झालं, तुम्हीच बघा.

शिवाय गोचीड नुसती रक्त पीत नाही. तिच्यातून कोंबड्यांना स्पायरोकिटोसिस नावाचा ताप होतो. कोंबडी मलूल होते, हिरवट पातळ शी करते, मरते. आपल्याकडं मर लागली की सगळे मानमोडीच म्हणतात. लस दिलेली असली तर लसीला शिव्या. लसीचा दोष नसतोही कधीकधी. भिंत तपासा.

"पण आमच्या आजीनं असलं काही केलं नाही, तिच्या कोंबड्या तर मस्त होत्या." हा प्रश्न प्रत्येक ट्रेनिंगमध्ये येतो आणि मला तो फार आवडतो, कारण आजीनं केलं होतं. फक्त तिनं त्याला नाव दिलं नव्हतं. तिच्याकडं सात-आठ कोंबड्या होत्या. दिवसभर उकिरड्यावर, चुलीच्या राखेत, झाडाखालच्या मऊ मातीत लोळायच्या. मातीत लोळणं ही कोंबडीची आंघोळ आहे. त्या धुळीनं पिसांतलं तेल शोषलं जातं, किडे झडतात. काही कोंबड्या रात्री लिंबाच्या झाडावर बसायच्या, तिथं फटीतली गोचीड कुठून येणार? आता तुम्ही काय केलं? पन्नास कोंबड्या जाळीत कोंडल्या, खाली सिमेंटचा कोबा केला, घरात गॅस आला म्हणून राख संपली. स्वच्छ दिसावं म्हणून कोबा करता, आणि कोंबडीची आंघोळ बंद करता. मग उवा वाढल्या की दुकानात येता.

उपाय आजीचाच. जुनं टायर किंवा घमेलं घ्या, त्यात कोरडी बारीक माती आणि चाळलेली लाकडाची राख भरा, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी ठेवा. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अशा धुळीच्या पेटीत गंधकाची भुकटी मिसळून बघितली, तर कोंबड्यांवरचे किडे खूप कमी झाले. गंधक डोळ्याला आणि छातीला झोंबतं, त्यामुळं प्रमाण जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच घाला. लिंबाचा पाला टाकायचा असेल तर टाका, नुकसान काही नाही. पण नुसत्या पाल्याच्या भरवशावर राहू नका. आणि एक जाता जाता. फार्मवरच्या चोच कापलेल्या तलंगा स्वस्तात मिळतात म्हणून आणता ना? कोंबडी चोचीनंच उवा वेचते. कंगवा काढून घेतल्यासारखं होतं ते.

आता बाटलीकडं येऊ, कारण खरा धोका इथं आहे. दुकानात माणूस येतो, "कापसावर मारतो ते द्या, कोंबड्यांवर मारायचंय." मी देत नाही. काही जण दुसऱ्या दुकानातून नेतात, ते मी थांबवू शकत नाही. त्यांना मी २०१७ सालची गोष्ट सांगतो. युरोपात नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये कोंबड्यांच्या तांबड्या किड्यांवर फवारायच्या औषधात फिप्रोनिल मिसळलेलं निघालं. औषध विकलं जात होतं वनस्पतींच्या तेलाचं म्हणून! अंड्यांत फिप्रोनिल सापडलं, अनेक देशांतल्या दुकानांतून लाखो अंडी काढून टाकावी लागली आणि फार्मच्या फार्म बंद पडले. हेच फिप्रोनिल आपल्याकडं भाताला, उसाला वापरतात. तुमच्या-माझ्या गोडाऊनमध्ये ते असतं.

तुमचं गावरान अंडं फार्मच्या अंड्यापेक्षा महाग का विकलं जातं? गिऱ्हाइकाला वाटतं त्यात औषध नाही. तुमचा ब्रँड एवढाच आहे, दुसरं काही नाही. त्यावरच फवारा मारून कसं चालेल?

जुन्या पुस्तकांवर आणि जुन्या जाणत्यांवरही इथं विसंबू नका. ते गॅमेक्सिन पावडर सांगतील, म्हणजे बीएचसी. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. काही पुस्तकांत कार्बारिल लिहिलेलं असतं, त्यावर २०१८ साली बंदी आली. आणि हल्ली आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन स्वतःच टोचायची फॅशन आलीय. रक्त पिणाऱ्या किड्यांसाठीचं औषध ते, कोंडा खाणाऱ्या उवेवर त्याचा फारसा उपयोग होत नाही, आणि अंड्यात अंश उतरतो तो वेगळाच.

औषध लागतंच नाही असं मी म्हणत नाही. लागतं. पण ते कोंबडीसाठीचं असावं, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घेतलेलं असावं, आणि किती दिवस अंडी विकायची नाहीत हे त्यांच्याकडून लिहून आणावं. उवा असतील तर सगळ्या कोंबड्यांना एकाच दिवशी लावा. एक जरी राहिली तरी ती महिन्याभरात सगळ्यांना वाटून टाकते. आणि दहा ते चौदा दिवसांनी परत लावा, कारण औषधानं लिखा मरत नाहीत, त्या फुटून नव्या उवा बाहेर येतात. लोक पहिल्या वेळेला खर्च करतात, दुसऱ्या वेळेला कंजूषी करतात आणि मग "औषध डुप्लिकेट निघालं" म्हणून दुकानात भांडायला येतात. खुडूक कोंबडी बसवायची असेल तर ह्या दोन्ही फेऱ्या ती बसायच्या आधी उरका.

गोचीड किंवा तांबडे किडे असतील तर काम खुराड्यात आहे. कोंबड्या बाहेर काढा, घरट्यातलं जुनं काड-भुसकट जाळून टाका, फटींत उकळतं पाणी ओता, वाळलं की बुजवा, चुना द्या. बसायचे बांबू भिंतीला टेकवू नका. त्यांच्या पायाखाली जळक्या ऑइलच्या वाट्या ठेवल्या की खालून चढणारे किडे अडकतात, फक्त कोंबडीची चोच त्या वाटीत पोचणार नाही एवढं बघा. जंताचं औषध हा वेगळा विषय आहे. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना ते वेळच्या वेळी लागतंच, त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करू.

बाजारातून आणलेली कोंबडी त्याच संध्याकाळी कळपात सोडू नका. दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली, लांब. बहुतेक उवा विकतच आणलेल्या असतात, आपणच पैसे मोजून.

तपासणी महिन्यातून एकदा. दिवसा चार-पाच कोंबड्या उन्हात धरून शेपटीखाली बघा. रात्री दहानंतर बॅटरी घेऊन खुराड्यात जा आणि बांबूच्या खालच्या बाजूनं पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर लाल डाग उमटला तर किडे रक्त पिऊन बसलेत. काय आहे ओळखता आलं नाही तर काड्यापेटीत घालून दवाखान्यात दाखवा. तुळजापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिकडं जाणं झालं तर तिथंही विचारता येईल. माझ्या दुकानात आणलीत तरी चालेल. फक्त काड्यापेटी काउंटरवर उघडू नका, शेजारी खाद्याची पोती असतात.