निदानानंतरची घाई

पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजेच प्रोस्टेटचा, कर्करोग झाल्याचे कळताच मध्यमवर्गीय कुटुंबात दोन प्रश्न तातडीने उभे राहतात : शस्त्रक्रिया कोठे करावयाची आणि पैसा कोठून आणावयाचा? त्याआधीचा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही. उपचार लगेच करणे आवश्यक आहे काय, हा तो प्रश्न होय.

ब्रिटनमध्ये १९९९ ते २००९ या काळात, रोग ग्रंथीपुरताच मर्यादित असलेल्या १,६४३ रुग्णांना शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नियमित देखरेख अशा तीन गटांत विभागण्यात आले. या पाहणीचे पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. या रोगाने दगावणाऱ्यांचे प्रमाण तिन्ही गटांत शेकडा तीनच्या आसपासच राहिले. देखरेखीचा मार्ग फुकटचा होता असे मात्र नव्हे. त्या गटात रोग अन्यत्र पसरण्याचे प्रमाण शेकडा नऊहून अधिक, तर उरलेल्या दोहोंत पाचच्या आसपास होते. शिवाय देखरेखीखालील निम्म्याहून अधिक रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया वा किरणोपचार घ्यावेच लागले. दुसऱ्या पारड्यात शस्त्रक्रियेनंतर लघवीवरील ताबा आणि लैंगिक क्षमता कमी होण्याचा, तसेच किरणोपचारानंतर आतड्यांच्या तक्रारींचा धोका असतो. कोणते दुःख सोसावयाचे, हे वैद्यकशास्त्र एकटे ठरवू शकत नाही. ते रुग्णाचे वय, प्रकृती आणि इच्छा यांवर अवलंबून आहे.

अर्थात, ही मुभा सर्वांना नाही. पेशींच्या तपासणीत रोग उग्र स्वरूपाचा आढळला, किंवा तो हाडांपर्यंत पोहोचला असेल, तर दिरंगाई घातक ठरते. आपल्याकडे अनेक रुग्ण याच अवस्थेत डॉक्टरांकडे येतात, हेही विसरता येत नाही.

परंतु ज्याला निवडीस अवसर आहे, त्याची निवड तरी मोकळी असते काय? वैद्यकीय सेवेच्या बाजारात ग्राहकाला मालाची पारख नसते आणि सल्ला देणाराच बहुधा विक्रेता असतो, हे केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिले होते. डॉक्टर प्रामाणिक असला तरी ज्याच्या हाती जी विद्या, तिच्याकडेच त्याचा कल झुकणार. त्यात विम्याची भर पडते. आयुष्मान भारत योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचा खर्च उचलते. बहुतेक खाजगी विम्यांचीही तीच रीत आहे. परिणामी शस्त्रक्रियेला लाखोंचा आधार मिळतो, आणि देखरेखीसाठी वर्षानुवर्षे लागणाऱ्या रक्ततपासण्यांचा व तज्ज्ञांच्या भेटींचा खर्च मात्र निवृत्तिवेतनातून भागवावा लागतो. जो मार्ग खिशाला सोसतो तोच प्रकृतीला मानवणारा आहे, असे मग रुग्णाला वाटू लागते.

यावर उपाय अवघड नाही. तातडी नसलेल्या प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रियातज्ज्ञ आणि किरणोपचारतज्ज्ञ अशा दोघांचेही मत, लेखी आणि मराठीत, मिळाले पाहिजे. देखरेखीचा खर्चही विम्याच्या कक्षेत आला पाहिजे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ साली उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने उपचारांच्या समान मार्गदर्शिका आखल्या आहेत. त्या सामान्य माणसाला समजतील अशा भाषेत जिल्हा रुग्णालयांपर्यंत नेण्याचे काम शासनाचे आहे. शस्त्रक्रियेचे पैसे देणारी आणि विचार करण्याचे न देणारी व्यवस्था रुग्णाला निवडीचा अधिकार देते, असे म्हणता येणार नाही.