शिंपीणबाईचे भाकीत

पितृपंधरवड्यात आपण बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्यांची नावे गोत्रासह उच्चारतो. पण पणजोबा कशाने गेले, असे कोणी विचारले तर 'पोटाच्या विकाराने' यापलीकडे उत्तर नसते. आत्याबाईंचे दुखणे तर घरात कुणी मोठ्याने बोललेलेच नसते. उद्या मुलींच्या लग्नात अडचण नको! अशी झाकलेली माहितीच कधीकधी नातवंडांचे प्राण वाचवते, हे मला एका अमेरिकन शिंपीणबाईच्या हकीकतीवरून पटले.

१८९५ सालची गोष्ट. मिशिगन विद्यापीठातील डॉ. ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना ही बाई म्हणाली, की मी काही फार जगायची नाही. आमच्या घरची माणसे पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात. बाई तेव्हा धडधाकट होती. दुसऱ्या एखाद्याने 'काहीतरीच काय!' म्हणून तिला वाटेला लावले असते. वॉर्थिन यांनी तिच्या कुळाची वंशावळ मांडली आणि १९१३ साली ती प्रसिद्ध केली. बाईचे भाकीत मात्र खरे ठरले. ती गर्भाशयाच्या कर्करोगानेच गेली.

पुढे या वंशावळीकडे कित्येक वर्षे फारसे कोणी पाहिले नाही. मग ओमाहा येथील डॉ. हेन्री लिंच यांना असेच एक कुळ आढळले आणि १९६६ साली त्यांनी अशा दोन मोठ्या कुळांचा अभ्यास छापला. कर्करोग वारशाने येतो, हे तेव्हा पुष्कळांना पटेना. पण १९९३ आणि १९९४ साली सदोष जनुकेच हाती लागली, तेव्हा लिंच यांचे म्हणणे निर्विवाद ठरले. आज या विकाराला त्यांचेच नाव आहे.

हा दोष कसला, हे आम्हा मास्तरमंडळींना चटकन समजते. पेशीची दुसरी पेशी होताना तिच्यातील मजकुराची नक्कल होते, आणि नक्कल म्हटली की चुका आल्याच. त्या सुधारणारे मुद्रितशोधक शरीरातच असतात. लिंच विकारात हे मुद्रितशोधकच जन्मापासून दुबळे! चुका साचत जातात आणि तरुण वयातच आतड्यात कर्करोग उद्भवू शकतो.

आईबापांपैकी एकात हा दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात तो येण्याचा संभव निम्मा. मग तो मुलगा असो की मुलगी. आपल्या वंशावळीत मुलगी लग्न होऊन गेली की तिची फांदी तिथेच तुटते. रोगाला मात्र गोत्र कळत नाही. तो आत्याच्या नातवाकडेही जातो आणि मावशीच्या लेकीकडेही.

यात दिलाशाची गोष्ट अशी, की आतड्याचा कर्करोग बहुधा एका लहानशा मोडापासून वाढतो. दुर्बिणीने आतडे तपासताना तो मोड तिथल्या तिथे काढता येतो. फिनलंडमध्ये अशा कुटुंबांवर १५ वर्षे लक्ष ठेवले होते. २००० साली त्याचा निष्कर्ष छापून आला: दर तीन वर्षांनी तपासणी करून घेणाऱ्यांत हा कर्करोग निम्म्याहून कमी झाला आणि त्याने एकही मृत्यू झाला नाही. न तपासणाऱ्यांत नऊ जण दगावले. आता तर अशा माणसांना बहुधा विशी-पंचविशीपासूनच, दर एकदोन वर्षांनी ही तपासणी करायला सांगतात.

आपल्या घरात याची शंका कधी घ्यावी? डॉक्टरांचा जुना आडाखा 'तीन-दोन-एक' असा आहे. आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झालेले तीन जवळचे रक्ताचे नातेवाईक, सलग दोन पिढ्यांत, आणि त्यांतला निदान एक पन्नाशीच्या आतला. हा मेळ जमला तर डॉक्टरांकडे जाऊन रक्ताची चाचणी करावी की काय, ते विचारावे. आडाखा पुरता जुळला नाही, तरी पन्नाशीच्या आतला एकच रुग्णही विचारण्याजोगा.

भाऊबीजेला बहिणी, आत्या, भाचरे एकत्र जमतील. ओवाळणी झाली, फराळ झाला, की एक वही काढा. कोण कशाने गेले आणि कितव्या वर्षी, एवढेच लिहा. आणि माहेरवाशिणींची नावे मुळीच गाळू नका. त्या शिंपीणबाईला आपल्या घरचे दुखणे ठाऊक होते, पण त्यावर इलाज नव्हता. आपल्या हाती इलाज आहे. तेव्हा निदान माहितीअभावी तरी कुणी जाऊ नये.