लग्नाला अनुदान, शिक्षणाला अनुदान; पण फौजी कोर्टात उभा राहिला तर?

तारखेच्या दिवशी कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभं राहिलं की निम्म्या तालुक्याची खबर मिळते. तिथेच एक निवृत्त नायक भेटले. नाव-गाव देत नाही, कारण माणूस भला आहे आणि केस चालू आहे. सतरा वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी सीमेवर. घरी आल्यावर झोप लागेना, म्हणून रात्रीची घ्यायला लागले, मग संध्याकाळची. काजूच्या बागेच्या गडग्यावरून चुलतभावाशी वाद झाला, हातात होतं ते हाणलं आणि डोकं फुटलं. हत्याराने दुखापत केल्याचं कलम लागलं. त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यांनी मला एकच विचारलं, "दादा, पेन्शन जाईल काय हो?"

हा प्रश्न साधा नाही. सैन्याच्या पेन्शनच्या नियमात पुढची वर्तणूक चांगली राहील हे गृहीत धरलेलं असतं. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली तर पेन्शन पूर्ण किंवा काही भाग रोखण्याचा अधिकार सरकारला आहे. प्रत्येक केसमध्ये तसं होतं असं नाही, पण ती भीती घरात येऊन बसते. पेन्शन थांबली तर शिक्षा एकट्या नायकाला होणार नाही. बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगीही त्यात भरडली जातील.

आता सरकारी मदतीकडे बघू. मदत नाही असं कोणी म्हणू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने माजी सैनिकांची अनुदानं थेट दुप्पट केली. पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांवरच्या, हवालदार दर्जापर्यंतच्या गरजूंना आणि त्यांच्या विधवांना महिन्याला ४ हजारांऐवजी ८ हजार. मुलांच्या शिक्षणाला एका मुलामागे महिन्याला १ हजाराचे २ हजार, दोन मुलांपर्यंत. मुलीच्या लग्नाला ५० हजारांचा १ लाख. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना हे दर लागू आहेत. वर्षाला सुमारे २५७ कोटींचा हा बोजा सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून उचलला जातो. दर ७ डिसेंबरला शाळेत आणि कचेरीत छातीला छोटा झेंडा लावून आपण दहा-वीस रुपये टाकतो ना, तोच निधी. शिवाय राज्याच्या २०२० च्या योजनेमुळे माजी सैनिकाच्या घराला ग्रामपंचायतीची घरपट्टी माफ आहे.

लग्न, शिक्षण, हलाखी, आजारपण असे सगळे रकाने आहेत. पण दारूपायी किंवा मनाच्या दुखण्यापायी कोर्टाच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या फौजीसाठी रकाना नाही. आपल्याकडे हा विषय चारचौघात बोलतही नाहीत. १५ ऑगस्टला झेंड्याखाली त्याचा सत्कार करायचा आणि सोळाला 'तो पितो' म्हणून बाजूला सारायचं, हे गावोगाव चालतं.

अमेरिकेत यावर एक तोड काढली गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात जानेवारी २००८ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट रसेल यांनी माजी सैनिकांसाठी वेगळं 'उपचार न्यायालय' सुरू केलं. त्यांच्यासमोर व्हिएतनाम युद्धातला एक सैनिक यायचा, मान खाली घालून, कशालाच उत्तर न देता. कोर्टाच्या कामात असलेल्या दोन जुन्या सैनिकांना न्यायाधीशांनी सांगितलं, जरा बाहेर नेऊन याच्याशी बोला. परत आला तेव्हा तो ताठ उभा होता आणि उपचाराला तयार होता. त्यातून ही पद्धत उभी राहिली. गुन्हा कबूल, पण तुरुंगाऐवजी वर्ष-दीड वर्ष उपचार, तपासण्या, न्यायाधीशांसमोर वरचेवर हजेरी, आणि सोबतीला एक जुना सैनिक. नीट पार पडलं तर शिक्षा कमी होते किंवा केसच मिटते. चुकला तर नेहमीची वाट आहेच. आज तिकडे अशी शेकडो न्यायालयं आहेत, आणि ऑगस्ट २०२० मध्ये त्यांच्यासाठी खास कायदाही झाला.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. तिकडचं केंद्र सरकार याला अनुदान देतं ते बिल्डिंग बांधायला देत नाही. कोर्ट तेच, न्यायाधीश तेच. पैसा जातो तो समन्वयकाच्या पगाराला, उपचाराला, तपासण्यांना, आणि सोबतीच्या सैनिकांच्या प्रशिक्षणाला. कोर्ट आणि दवाखाना यांच्यामध्ये धावणारा माणूस, एवढीच मुख्य वस्तू. बाकी सगळं आधीपासून होतं.

आपल्याकडेही बाकी सगळं आहे, हेच मला सांगायचं आहे. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यात अशी जुनी मोठी रुग्णालयं मोजून चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि आपलं. माजी सैनिकाकडे ईसीएचएसचं कार्ड आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत सैन्यदलांसाठी टेलिमानसचा खास कक्षही आहे.

कायद्यातही वाट आहे. नवीन नागरिक सुरक्षा संहितेत 'प्ली बार्गेनिंग' म्हणजे तडजोडीच्या निकालाचं प्रकरण आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपी स्वतः अर्ज करू शकतो, जखमी माणसाला भरपाई ठरते आणि न्यायालय त्याला परिविक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं. १९५८ चा परिविक्षा कायदा तर जुनाच आहे. न्यायालय परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावू शकतं, दारूपासून लांब राहण्याची अट घालू शकतं. आणि त्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अशा सुटकेला शिक्षेमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही. पेन्शनची हमी यातून मिळत नाही, ते वकिलालाच विचारावं, पण तुरुंगवासाच्या शिक्ष्यापेक्षा हे शतपटीने बरं.

मेख अशी की तडजोडीचा अर्ज आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत करावा लागतो. आमच्या नायकांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं की फौजीची केस मुंबईच्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जाते. ती समजूत पुष्कळांची आहे. ते न्यायाधिकरण नोकरी आणि पेन्शनच्या वादांसाठी, अपंगत्व पेन्शनसाठी. गडग्यावरची मारामारी तालुक्याच्या कोर्टातच चालणार.

मग हा सांगणारा, धावणारा माणूस आणायचा कुठून? अर्धं उत्तर २६ जुलै २०२५ ला मिळालं. कारगिल विजय दिनी श्रीनगरमध्ये न्यायमूर्ती सूर्यकांत यांनी, तेव्हा ते राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचे कार्याध्यक्ष होते, 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली. जिल्हा सैनिक कार्यालयातच कायदेविषयक मदतीचं केंद्र, तिथे पॅनलवरचे वकील आणि विधी स्वयंसेवक. स्वयंसेवक सैनिकी घरातलाच असेल तर उत्तम. बफेलोतल्या त्या सोबतीच्या सैनिकाच्या हे अगदी जवळ जातं. पण योजनेचा रोख जमीन, कुटुंब, पैशाच्या वादांवर आहे. व्यसनमुक्ती आणि फौजदारी केस एकत्र हाताळण्याची जोड त्यात दिली पाहिजे.

आणि इथे पैसा लागतो. मंडणगडहून रत्नागिरी दीडशे किलोमीटरच्या आसपास. महिन्यातून दोनदा मनोविकारतज्ज्ञाकडे यायचं तर एसटीचं भाडं, बुडालेला दिवस, आणि सोबत कोणीतरी. भातलावणीत किंवा आंब्याच्या हंगामात कोण येणार? उपचार पहिल्या दोन महिन्यांत सुटतो तो याच कारणाने, डॉक्टर वाईट म्हणून नव्हे. एका समन्वयकाचं मानधन, स्वयंसेवकाचा प्रवासखर्च, रुग्णाचं भाडं, एवढं दिलं तरी जिल्ह्यापुरता प्रयोग उभा राहतो. 'सैनिकांचा निधी व्यक्तीलाच मिळतो' असं कोणी म्हणालं तर ते पूर्ण खरं नाही. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरला केंद्रीय सैनिक बोर्ड अनुदान देतंच. कण्याला मार लागलेल्या सैनिकाच्या संस्थेला पैसा मिळतो, तर मनाला मार लागलेल्याच्या सोयीला का नको?

दोन आक्षेप येणार, ते आधीच घेतो. एक, फौजीलाच का? मच्छीमार पीत नाही की शेतकरी? पितो, आणि त्यालाही ही सोय मिळाली पाहिजे. पण सैनिकाकडे कार्ड, कार्यालय, निधी आणि सर्व्हिसचं रेकॉर्ड तयार आहे, म्हणून सुरुवात तिथून सोपी. दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. दारूचा मार सगळ्यात आधी घरातली बाई खाते. तिच्या तक्रारीवर 'साहेब देशासाठी लढलेत' म्हणून पांघरूण घालण्याचं हे साधन होता कामा नये. तडजोडीचा मार्ग महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांना कायद्यानेच बंद आहे, तो तसाच राहिला पाहिजे. तिथे उपचार जरूर द्या, पण केसच्या बदल्यात नाही.

आपल्या जिल्ह्याला हा विषय परका वाटू नये. दापोलीला अजून म्हातारी माणसं कॅम्प दापोली म्हणतात ती लष्करामुळेच. बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, पेन्शनीवर आल्यावर दापोलीतच राहिले होते. त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यात. त्याच मंडणगडात १२ ऑक्टोबर २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते न्यायालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. इमारत झाली. आता त्या इमारतीतून फौजीला मनोरुग्णालयापर्यंत नेणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार, हे जिल्हाधिकारी, पालकमंत्री आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने एकत्र बसून ठरवायला हरकत नाही.

नायकांचे तीसपैकी नऊ दिवस तेव्हा उरले होते. तालुका विधी सेवा समितीच्या वकिलांनी अर्ज केला आहे, चुलतभाऊ भरपाईला राजी आहे, पुढची तारीख पडली आहे. रत्नागिरीला पहिल्या तपासणीला पुतण्या घेऊन गेला. दुसऱ्या वेळी कोण जाणार ते ठरलेलं नाही.

(कायद्याच्या मोफत मदतीसाठी १५१०० आणि मनाच्या दुखण्यासाठी टेलिमानस १४४१६ हे क्रमांक आहेत. दोन्हीकडे फोनला पैसे पडत नाहीत.)