मागं राहिलेल्या

सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात, मेढ्याच्या आसपासच्या गावांत देवळाच्या जीर्णोद्धाराच्या पाट्या वाचत हिंडावं. बहुतेक ठिकाणी दोन मंडळं भेटतात, ग्रामस्थ मंडळ आणि मुंबई मंडळ. देव एक, कारभार दोन ठिकाणांहून. पैसा बहुतेक दुसऱ्या मंडळाचा आणि मोठेपणाही त्याचाच.

जावळी तालुक्यात वेण्णाकाठची खाचरं सोडली, तर जमीन डोंगरउताराची. चार महिने पाऊस झोडपतो आणि वैशाखात हंडे घेऊन पाण्याला जावं लागतं. भात, नाचणी, वरी यांवर वाटण्या झालेलं घर भागेना, म्हणून एक भाऊ मुंबईला जायचा. गिरणीत, नाहीतर मस्जिद बंदरला, दाणाबंदरला पाठीवर पोती वाहायला. गावकीच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि महिन्याला मनिऑर्डर करायची.

या गड्यांच्या कष्टांवर पुष्कळ लिहून झालंय, आणि ते योग्यच. पण तो गेला तेव्हा घर गेलं नव्हतं. भाताची लावणी, गुरं, सासऱ्याचं दुखणं, सोसायटीचा हप्ता, भावकीतली बांधाची भांडणं हे सगळं त्याच्या बायकोनं उरकलं. नवरा यात्रेला आणि लग्नसराईला यायचा, पाहुण्यासारखा. गाव तिनं राखलं, पण सातबाऱ्यावर नाव त्याचं आणि देवळाच्या पाटीवरही त्याचंच.

मग मुंबईच बदलली. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला आणि हमालाला बोर्ड, फंड, हक्काची मजुरी मिळाली. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला नि ती वाट जवळजवळ बुजली. घाऊक बाजार एकेक करून वाशीकडं हलले. माथाडींची घरं कोपरखैरणे, घणसोलीत झाली. घर आलं तशी बायको गेली, पोरं गेली, शाळा तिकडची झाली. गावात उरलेली आजीही काही वर्षं तिकडं राहून आली. करमत नाही म्हणत परतली, आणि गुडघे गेल्यावर पुन्हा नेली. गावातल्या घराला कुलूप लागलं ते तेव्हा. गडी एकटा जात होता तोवर त्या घराची चूल पेटत होती.

आज गावात राहणाऱ्या तरुणाची गत निराळीच. त्याच्याकडं दुभती म्हैस असेल, गाडी असेल, भिलार-पाचगणीच्या बाजूला असेल तर स्ट्रॉबेरीही असेल. तरी सोयरीक जुळत नाही. 'मुलगा तिकडं कुठं असतो?' हा पहिला प्रश्न आणि 'इथंच' हे उत्तर आलं की चहा लवकर आटोपतो. पोरींना दोष देण्यात अर्थ नाही. आयांनी नि आज्यांनी काय भोगलं ते त्यांनी जवळून पाहिलंय. शिवाय पडीक खाचरांत आता गवे आणि रानडुकरं उतरतात. एकट्यानं राखण करून पीक हाती लागत नाही.

आणि आता त्याच पडीक जमिनीला एकाएकी भाव आलाय. कास, बामणोलीकडं पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं गाड्या घेऊन फिरतात. नवीन महाबळेश्वर या पर्यटन प्रकल्पात 235 गावं येणार म्हटल्यावर तर, ज्यांनी वर्षानुवर्षं शिवारात पाय ठेवला नाही, ते मेढ्यात वारसनोंदीसाठी येऊ लागलेत. तिसऱ्या पिढीच्या पोरांना आपला गट नंबर पाठ झालाय, बांध कुठला ते मात्र तलाठ्याला विचारावं लागतं.

आत्याही वारस, म्हणून नोंद लावताना त्यांचीही नावं लागतात. मग हक्कसोडपत्र घेऊन भाचे साडी-चोळीसह त्यांच्या दारात जातात. ही पद्धत जुनी आहे. आत्या अंगठा द्यायची, सही करायची, भाच्याला जेवू घालून पाठवायची. हल्ली काही आत्या जेवू घालतात, साडीही ठेवून घेतात आणि सही करायच्या आधी जमिनीचा नकाशा मागतात.