पहिली राजभाषा, पण खिडकीपलीकडे कोण?

आयर्लंडच्या राज्यघटनेत आयरिश भाषेला पहिल्या राजभाषेचा मान आहे. मात्र याच भाषेत आपले काम करून घेण्यासाठी नागरिक सरकारी कचेरीत गेला, तर खिडकीपलीकडे ती बोलणारा कर्मचारी भेटेलच, याची शाश्वती नाही. ही विसंगती दूर करण्यासाठी २०२१ च्या राजभाषा (सुधारणा) कायद्याने एक उद्दिष्ट ठरवून दिले. ३१ डिसेंबर २०३० पर्यंत सार्वजनिक सेवेत नव्याने भरती होणाऱ्यांपैकी किमान २० टक्के उमेदवार आयरिशमध्ये काम करण्यास सक्षम असले पाहिजेत. सिंधुदुर्गातील वराड गावाशी नाते सांगणारे लिओ वराडकर त्या वेळी तेथील उपपंतप्रधान होते.

यापूर्वीचे प्रयोग फारसे यशस्वी ठरले नाहीत. स्वातंत्र्यानंतर सरकारी नोकरीसाठी आयरिश अनिवार्य करण्यात आली. पण परीक्षेपुरती शिकलेली भाषा कामकाजात उतरली नाही आणि १९७४ मध्ये ही सक्ती उठवण्यात आली. पुढे भाषा जाणणाऱ्यांना जादा गुण देण्याची पद्धत आली. त्यातून उमेदवाराला लाभ झाला, तरी ज्या जागेवर आयरिशची गरज आहे तेथेच त्याची नेमणूक होईल, अशी हमी नव्हती. राजभाषा कायदा २००३ मध्ये झाला. परंतु या कायद्यान्वये नेमलेले पहिले भाषा आयुक्त शॉन ओ किरॉन यांनी सरकारी अनास्थेचा निषेध म्हणून मुदतीपूर्वीच पद सोडण्याची घोषणा डिसेंबर २०१३ मध्ये केली.

खरा प्रश्न मनुष्यबळाचा आहे. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार जणांनी आपल्याला आयरिश येते, असे नोंदवले. शिक्षणसंस्थांबाहेर ती रोज बोलणारे मात्र जेमतेम ७२ हजार निघाले. शाळेत वर्षानुवर्षे हा विषय शिकूनही बहुतेकांना त्यात सहज व्यवहार करता येत नाही. जे खरोखर प्रवीण आहेत, त्यांना शाळा, प्रसारमाध्यमे आणि युरोपीय संघाच्या संस्थाही हव्या आहेत. १ जानेवारी २०२२ पासून युरोपीय संघात आयरिशला पूर्ण कामकाजी दर्जा मिळाल्याने अनुवादकांची मागणी वाढली.

शिवाय २० टक्क्यांचे हे प्रमाण केवळ नव्या भरतीचे आहे, एकूण कर्मचाऱ्यांचे नव्हे. त्यामुळे उद्दिष्ट गाठले तरी संपूर्ण यंत्रणा बदलण्यास बराच काळ लागेल. पश्चिम किनाऱ्यावरील आयरिशभाषक पट्ट्यातील आजीबाईंना डॉक्टर, पोलीस वा निवृत्तिवेतनाचा कारकून यांच्याशी आपल्याच भाषेत बोलता आले पाहिजे, ही या कायद्याची खरी कसोटी आहे. तेथे दर वेळी इंग्रजीचाच आधार घ्यावा लागला, तर पुढची पिढी घरातही तीच भाषा बोलू लागेल. म्हणूनच किती जणांची भरती झाली, याइतकेच त्यांना कोणत्या जागी बसवले, हेही तपासावे लागणार आहे.